अनेक शैलींचे एक गाणे कसे बांधावे: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या सांध्यांचा अभ्यास

ढोलकीचा ठेका, त्यावर गिटार, मध्ये रॅपचे एक कडवे आणि शेवटी एखादा तराणा, असा बेत मनात धरून आज अनेक तरुण संगीतकार कामाला बसतात. प्रत्येक तुकडा त्यांनी मेहनतीने केलेला असतो, वादक चांगले असतात, ध्वनिमुद्रणही स्वच्छ असते, आणि तरीही ऐकणाऱ्याला चार निराळी गाणी एकामागून एक लागल्यासारखी वाटतात. अशी अनेक गाणी ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की दोष बहुधा तुकड्यांत नसतो. एका शैलीतून दुसरीत जाताना जो सांधा करावा लागतो, त्याचा विचार शेवटच्या दिवशी घाईने केलेला असतो, आणि गाणे तिथेच निखळते. म्हणून या लेखात मुख्यतः सांध्यांविषयी लिहिले आहे, आणि उदाहरण म्हणून क्वीन या ब्रिटिश बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे एकच गाणे घेतले आहे, कारण ते कसे घडले याची माहिती त्यात सहभागी असलेल्या लोकांनीच वेळोवेळी सविस्तर सांगितलेली आहे.

हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी इंग्लंडमध्ये प्रकाशित झाले. ते रचणाऱ्या, क्वीनचा गायक असलेल्या फ्रेडी मर्क्युरीचे मूळ नाव फारोख बलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाची शालेय वर्षे आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत गेली. तिथे तो पियानो शिकला आणि वर्गमित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून त्यात पियानो वाजवू लागला. ३१ ऑक्टोबर या तारखेला मराठी रसिकांच्या लेखी आणखी एक महत्त्व आहे. १८८० साली याच दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, आणि त्या नाटकातही साकी, दिंडी, लावणीच्या वळणाच्या चाली, कानडी धर्तीची पदे आणि रागदारी शेजारीशेजारी नांदत होती. तारखेचा हा योगायोग मी केवळ नवल म्हणून सांगत नाही. इतक्या निराळ्या चाली तिथे एकत्र नांदल्या, कारण त्या गाणारी पात्रे एका कथेतली होती आणि एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगाकडे जात होती. शैली बदलण्याचे कारण कथेत होते.

तेव्हा काम सुरू करताना वाद्यांची यादी बाजूला ठेवावी आणि हे गाणे कोण म्हणत आहे, त्याचे काय बिघडले आहे आणि ते बिघडलेपण पुढे सरकते कसे, हे चार ओळींत लिहून काढावे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा अर्थ मर्क्युरीने कधीच उलगडून सांगितला नाही, परंतु गाणारा कोण आहे याविषयी शंका राहत नाही: एका तरुणाच्या हातून खून झाला आहे आणि तो आईला ते सांगत आहे. आईशी बोलताना तो पियानोच्या साथीने हळुवार गातो. पुढे त्याच्या जिवासाठी दोन पक्ष भांडू लागतात, एक त्याला सोडा म्हणतो आणि दुसरा सोडणार नाही म्हणतो, तेव्हा ऑपेरातला, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकातला, समूह अवतरतो, कारण वाद घालणारी गर्दी उभी करण्याची सोय ऑपेरात आहे. मग तो चिडून सगळ्यांना झिडकारतो, आणि चिडायला हार्ड रॉकइतकी योग्य जागा कोणती? आपल्या गाण्यातल्या प्रत्येक शैलीसाठी असे एक वाक्य लिहिता आले पाहिजे. जिच्यासाठी ते लिहिता येत नाही, ती शैली कितीही आवडती असली तरी या गाण्यातून काढावी आणि दुसऱ्या गाण्यासाठी राखून ठेवावी.

त्यानंतर कागद-पेन्सिल आणि घड्याळ घेऊन मूळ गाणे किमान पाच वेळा ऐकावे. एकूण लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद आहे. पहिली सुमारे ४९ सेकंद आवाजांच्या थरांची प्रस्तावना आहे. तिथे समूह ऐकू येतो, पण ते सगळे थर एकट्या मर्क्युरीच्या आवाजाचे आहेत. त्यानंतर २ मिनिटे ३७ सेकंदांपर्यंत पियानोवरचे संथ कथागीत चालते, मग जवळपास अर्धा मिनिट क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांची गिटार, ३ मिनिटे ५ सेकंदांपासून एक मिनिटभर ऑपेरा, ४ मिनिटे ७ सेकंदांपासून पाऊण मिनिट हार्ड रॉक, आणि अखेरच्या मिनिटात पुन्हा शांत पियानो, ज्याच्या शेवटी क्वीनचे ड्रमवादक रॉजर टेलर यांनी वाजवलेल्या घंटेसारख्या मोठ्या थाळीचा एकच टोला पडतो. या संपूर्ण रचनेत ध्रुवपद नाही. लोकप्रिय गाण्यात श्रोता ज्या मुखड्याची वाट पाहतो तो इथे येतच नाही, आणि म्हणूनच सांध्यांवर इतका भार पडतो.

आता ते सांधे एकेक करून पाहू. सगळ्यात धाडसी सांधा गिटार आणि ऑपेरा यांच्यामध्ये आहे. गिटारचे स्वर ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे ई फ्लॅट हा पाश्चात्त्य स्वर षड्ज मानून, चाललेले असतात, ते वरून खाली धावत येतात, आणि दुसऱ्याच क्षणी पियानो ए मेजरमध्ये तुटक, टोचणारे ठोके देऊ लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्जावरून एकदम तीव्र मध्यमाला नवा षड्ज मानण्याइतकी ही उडी लांब आहे. बारा स्वरांच्या वर्तुळात त्याहून दूरची जागा नाही. ही उडी खटकत नाही याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे उडीच्या आधीचा उतार श्रोत्याला सांगून जातो की जमीन आता संपत आली आहे, आणि दुसरे म्हणजे उडीनंतर लगेच पूर्ण ताकदीचा समूह येत नाही, फक्त पियानो येतो, जो गाण्याच्या सुरुवातीपासून ओळखीचा आहे. नवा स्वर, नवी लय आणि नवे वाद्य या तिन्ही गोष्टी एकाच मात्रेवर बदलू नयेत, हा नियम मी या जागेवरून शिकलो. दोन बदलाव्यात, तिसरी जुनी ठेवावी.

याच्या अगदी उलट जातीचा सांधा ऑपेरा आणि हार्ड रॉक यांच्यामध्ये आहे. ऑपेराचा शेवट बी फ्लॅटच्या समूहस्वरावर होतो आणि टेलर यांचा आवाज त्या स्वराच्या अतिशय वरच्या सप्तकात जाऊन थांबतो. पुढे येणारे रॉक ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे बी फ्लॅट हा त्याचा पंचम. पंचमावर ताणून धरून षड्जावर उतरणे हे आपल्या कानाला इतके सवयीचे आहे की इथे श्रोता उतरण्याची जवळजवळ मागणीच करतो, आणि उतरतो तेव्हा ढोल-गिटारचा सगळा दणका त्याच्या पदरात पडतो. इथे वाद्य बदलते, आवाजाची पट्टी बदलते, तरी धक्का सुखाचा वाटतो. लावणीतून पोवाड्यात किंवा भजनातून ढोल-ताशाच्या भागात जायचे असेल, तर पहिल्या भागाचा शेवट दुसऱ्या भागाच्या पंचमावर आणून ठेवावा; हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे आणि नवोदितांनी आधी तोच हाताखालून घालावा.

लयीचा सांधा स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण आपल्याकडे दादरा आणि केहरवा यांच्यामध्ये जाताना सर्वाधिक फसगत होते. अशा वेळी ठोके मोजण्याऐवजी त्यांच्या आतल्या लघुमात्रा मोजाव्यात. समजा, पहिल्या भागात मिनिटाला ९० ठोके आहेत आणि प्रत्येक ठोक्यात तीन लघुमात्रा आहेत. म्हणजे मिनिटाला २७० लघुमात्रा झाल्या. त्याच २७० लघुमात्रा दोन-दोनच्या गटांत बांधल्या की मिनिटाला १३५ ठोक्यांची चपळ, चालती लय मिळते. बारा लघुमात्रांचे एक आवर्तन तीन-तीनच्या चार गटांत विभागता येते, तसेच चार-चारच्या तीन गटांतही. सांध्यापूर्वीच्या दोन आवर्तनांत खंजिरीने किंवा टाळाने ती लघुमात्रा हळूच ऐकवत ठेवावी. श्रोता ती जाणीवपूर्वक मोजत नाही, पण लय बदलते तेव्हा त्याची मान अडखळत नाही.

चौथा सांधा शब्दांचा. वारा कुठूनही वाहिला तरी काय फरक पडतो, या आशयाची एक ओळ प्रस्तावनेच्या अखेरीस येते, कथागीतात मागून हलकेच डोकावते आणि गाण्याची अखेरची ओळ म्हणून परतते. तीन ठिकाणी तिचा अर्थ तीन प्रकारे लागतो: आधी बेफिकिरी, मग भीती, शेवटी थकवा. ध्रुवपदाचे काम ही एक ओळ करते, आणि तेही क्वचितच येऊन. आपल्या रचनेत अशी ओळ शोधावी आणि ती दोन निराळ्या शैलींत एकाच सुरावटीने म्हणून पाहावी. दोन्हीकडे टिकली तर गाण्याचा कणा सापडला असे समजावे.

सांधे कागदावर ठरल्यावर संपूर्ण गाण्याचा सांगाडा एकाच वाद्यावर, हार्मोनियम, पियानो किंवा गिटार, जे हाताशी असेल त्यावर, आरंभापासून अखेरपर्यंत न थांबता वाजवता आला पाहिजे. निर्माते रॉय थॉमस बेकर यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: मर्क्युरीने त्यांना पियानोवर सुरुवातीचा भाग ऐकवला आणि मध्येच थांबून, इथे ऑपेरा येणार आहे, असे सांगितले. ऑपेरा तेव्हा वाजवून दाखवण्याजोगा नव्हता, पण त्याची जागा ठरलेली होती. २०२३ साली लंडनमध्ये मर्क्युरीच्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा या गाण्याची हस्तलिखित पानेही समोर आली. विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर लिहिलेल्या त्या पानांत ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे आधीचे शीर्षक लिहून खोडलेले दिसते. आपणही खाडाखोड केलेली पाने फेकू नयेत, आणि मोबाइलवर केलेल्या प्रत्येक कच्च्या ध्वनिमुद्रणाला तारीख द्यावी; चाल अडली की बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्या किंवा चौथ्या कच्च्या प्रतीत सापडते.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत या गाण्याची कहाणी प्रत्येक ध्वनिमुद्रकाने जाणून घ्यावी अशी आहे. २४ ऑगस्ट १९७५ पासून वेल्समधील मनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झाले आणि पुढे लंडनमधील अनेक स्टुडिओंत ते चालले. पियानो, बँडमधील चौथे वादक जॉन डीकन यांचा बास (खालच्या स्वरांची गिटार) आणि टेलर यांचे ड्रम यांचा पाया तुकड्यातुकड्यांनी आधी घेतला गेला, आणि ऑपेरासाठी टेपवर सुमारे अर्ध्या मिनिटाची मोकळी जागा सोडली गेली. मर्क्युरीला मात्र रोज नव्या कल्पना सुचत, गॅलिलिओच्या नावाचा पुकारा वाढत जाई, आणि बेकर टेपचा आणखी एक तुकडा जोडत जात. मर्क्युरी मधल्या पट्टीत, मे खालच्या आणि टेलर वरच्या, असे तिघेजण दिवसाला दहा-बारा तास गात होते. तेव्हाच्या यंत्रात २४ ट्रॅक, म्हणजे टेपवर आवाज वेगवेगळे साठवण्याच्या २४ पट्ट्या, असत, त्यामुळे भरलेले ट्रॅक एकत्र करून नव्या ट्रॅकवर उतरवायचे, जागा मोकळी करायची आणि पुन्हा गायचे, असे करत सुमारे १८० थर चढवले गेले. टेप इतक्या वेळा यंत्रातून गेली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडासमोर धरल्यावर ती आरपार दिसू लागली.

आज संगणकावर ट्रॅकची मर्यादा नाही, टेप झिजण्याची भीती नाही, आणि माझ्या मते याच सोयीने अनेक गाण्यांचे नुकसान केले आहे. ट्रॅक एकत्र करताना त्या लोकांना त्याच दिवशी ठरवावे लागे की कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डावीकडे. तो निर्णय मागे घेता येत नसे. ही शिस्त आपण मुद्दाम लावून घ्यावी. समूहगायनाचा एक भाग गाऊन झाला की त्याच संध्याकाळी त्याचे मिक्स करून दोन ट्रॅकवर आणावे, सुटे ट्रॅक जपून ठेवावेत पण पडद्यावरून काढून टाकावेत, आणि दुसऱ्या दिवशी त्या मिक्सवरच पुढचे बांधकाम करावे. समूह उभा करण्यासाठी वीस गायकांची गरज नसते. भिन्न पोताचे तीन आवाज घेऊन प्रत्येकाकडून प्रत्येक ओळ तीन-चार वेळा गाऊन घ्यावी, दर वेळी गायकाने माइकपासून अर्धा पाऊल मागे किंवा बाजूला सरकावे, आणि श्वास व शब्दाचा शेवट सर्वांनी एकाच क्षणी सोडावा. एकाच टेकची नक्कल करून ती पसरवण्याचा मोह टाळावा, कारण समूहाची ऊब आवाजांमधल्या बारीक फरकांतूनच येते.

प्रत्येक शैली तिच्या जाणकाराकडून करून घेणे हेही याच टप्प्यावरचे काम आहे. २०१६ साली ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि त्यावर गाण्याची भाषा मात्र गावाकडची, बोलीतली ठेवली. वाद्यवृंदासाठी शब्द शहरी झाले नाहीत आणि शब्दांसाठी वाद्यवृंद पातळ झाला नाही, म्हणून ती गाणी मनात ठसली. सिंथेसायझरवरची ढोलकी घेऊन लावणीचा भास निर्माण करणे आणि ढोलकीवाल्याला बोलावून त्याला आपल्या मात्रा समजावून सांगणे यांत खर्चाचा फरक आहे खरा, पण दोन तासांच्या बैठकीपुरता का होईना, तो खर्च करावा. तो माणूस सांध्याविषयी अशी एखादी गोष्ट सुचवून जातो जी आपल्याला महिनाभर सुचलेली नसते.

गाणे तयार झाल्यावर पहिला आक्षेप लांबीवर येतो. क्वीनच्याही बाबतीत तेच झाले: जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, असे रेकॉर्ड कंपनीचे म्हणणे होते. तेव्हा लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांच्या हाती त्याची प्रत पडली आणि त्यांनी एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावले. श्रोते दुकानांत विचारू लागले, आणि न कापलेले गाणेच बाजारात आले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून सलग नऊ आठवडे ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि जानेवारी संपेपर्यंत दहा लाखांवर प्रती खपल्या. त्याला खाली खेचणारे गाणे ॲबाचे ‘मम्मा मिया’ होते, आणि हेच शब्द ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ऑपेरातही येतात.

यावरून घ्यायचा धडा असा की असे गाणे शंभर जणांना एकाच वेळी पाठवण्यापेक्षा, ज्याच्या शब्दाला श्रोते मानतात आणि ज्याला ते मनापासून आवडेल, अशा एका माणसाला आधी ऐकवावे. समाजमाध्यमांसाठी तीस सेकंदांचा तुकडा काढावा लागतोच. तेव्हा सगळ्यात गोड ओळ न निवडता सांधा निवडावा, म्हणजे पंधरा सेकंद अलीकडची शैली आणि पंधरा सेकंद पलीकडची. पुढे काय झाले असेल हे कुतूहल त्या जागेतच आहे. चित्रफीतही महाग असावी लागत नाही. क्वीनची चित्रफीत १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री येथे दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी चारेक तासांत चित्रित केली, खर्च सुमारे साडेचार हजार पौंड आला. अंधारातले चार चेहरे हे तिचे मुख्य दृश्य क्वीनच्याच १९७४ सालच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतलेले होते.

स्वागत मात्र एका झटक्यात मोजू नये. तेव्हाच्या समीक्षकांचे एकमत नव्हते, अमेरिकेत १९७६ साली गाणे नवव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. मर्क्युरीच्या मृत्यूनंतर १९९१ च्या अखेरीस ते पुन्हा प्रकाशित झाले तेव्हा ब्रिटनमध्ये आणखी पाच आठवडे पहिले राहिले, आणि १९९२ साली एका विनोदी चित्रपटात मोटारीत बसलेली मुले या गाण्यावर माना झटकताना दिसली, तेव्हा अमेरिकेतही ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. २०१९ साली यूट्यूबवर त्याच्या चित्रफितीने एक अब्ज दर्शनांचा टप्पा ओलांडला आणि २०२२ साली अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयाने ते राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी निवडले. पहिल्या आठवड्यातील आकडे पाहून गाण्यातला अवघड भाग कापून नवी आवृत्ती काढण्याचा सल्ला मिळाला, तर किमान सहा महिने तो बाजूला ठेवावा.

राहिला प्रश्न रंगमंचाचा. थरावर थर चढवलेला भाग चार माणसांना प्रत्यक्ष गाता येत नाही, आणि तो गातो आहोत असे भासवणे श्रोत्यांच्या लगेच लक्षात येते. क्वीनने यावर सरळ उपाय शोधला: ऑपेराचा भाग आला की चौघे रंगमंचावरून निघून जात, ध्वनिमुद्रित भाग प्रकाशयोजनेसह वाजे, आणि हार्ड रॉकच्या पहिल्या ठोक्याला ते परत येत. १३ जुलै १९८५ रोजी दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या लाइव्ह एडच्या कार्यक्रमात त्यांना वीसेक मिनिटेच मिळाली होती, तेव्हा त्यांनी सुरुवात याच गाण्याने केली, पण फक्त कथागीताचा भाग घेतला आणि तिथून थेट दुसऱ्या गाण्यात गेले. म्हणून गाण्याच्या दोन प्रती पहिल्यापासून तयार ठेवाव्यात: एक पूर्ण, जिच्यात थरांचा भाग टेपवर असेल आणि ढोलकीवाल्याच्या कानात ठोक्यांची खूण जात असेल, आणि दुसरी छोटी, जी पहिल्या सांध्यापाशी थांबून पुढच्या गाण्याच्या स्वरात उतरेल. कोणती प्रत घ्यायची ते ध्वनिव्यवस्था ऐकून, कार्यक्रमापूर्वीच्या तालमीत ठरवावे.